उन्हाळ्यातला आगाखान पॅलेस : प्रेक्षकाच्या गारव्याच्या बाजूने एक परीक्षण

पुण्याच्या आगाखान पॅलेसविषयी जे लिहिले जाते ते साहजिकच १९४२ ते १९४४ या काळाभोवती फिरते, आणि पर्यटकांनी दिलेले अभिप्राय हिरवळ, छायाचित्रे व वाहनतळ यांच्यापलीकडे फारसे जात नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी इथे येणाऱ्या माणसाच्या शरीराला ही इमारत कशी वागवते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण मर्यादित ठेवले आहे. हा प्रश्न किरकोळ नाही. संग्रहालयात माणूस किती वेळ थांबतो आणि भिंतीवरचा मजकूर किती वाचतो, हे त्याच्या कुतूहलाइतकेच त्याच्या पाठीवरच्या घामावरही ठरते. आपल्याकडची पुष्कळशी संग्रहालये मुळात संग्रहालये म्हणून बांधलेलीच नाहीत. वाडे, राजवाडे, मठ आणि सभागृहे यांच्यात ती नंतर येऊन वसली आहेत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वास्तूत नव्याने शोधावे लागते.

सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे इस्माइली पंथाचे प्रमुख तिसरे आगाखान, यांनी १८९२ मध्ये हा महाल बांधला. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा उद्देश सांगितला जातो. ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी इथे स्थानबद्ध होते. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी इथेच वारले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये ही वास्तू राष्ट्राला दिली आणि २००३ मध्ये ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित झाली. राहण्यासाठी बांधलेला महाल, मग तुरुंग, मग स्मारक, असा हा प्रवास आहे. यातल्या पहिल्या टप्प्याने उन्हाशी जे तह करून ठेवले, त्यांच्यावर आजचा प्रेक्षक विसंबून आहे.

त्या तहांतले पहिले कलम म्हणजे व्हरांडा. साऱ्या इमारतीला वळसा घालणारा सुमारे अडीच मीटर रुंदीचा हा व्हरांडा उंच कमानींनी बाहेर उघडतो आणि आतल्या खोल्यांच्या भिंतींवर दुपारचे ऊन थेट पडू देत नाही. कमान नुसती शोभेची आहे असे वाटत असेल, तर भर दुपारी पश्चिमेकडच्या एखाद्या खांबाला बाहेरून तळहात लावून पाहावा आणि मग तोच हात व्हरांड्यातल्या आतल्या भिंतीवर टेकवावा. बाहेरच्या बाजूला हात क्षणभर टेकवणे नकोसे होते. आतली भिंत मात्र हाताला थंड लागते, आणि त्या दोहोंत अंतर असते फक्त चार पावलांचे. शरीराला जाणवणारा उकाडा निव्वळ हवेच्या तापमानाचा नसतो, आजूबाजूचे पृष्ठभाग किती तापले आहेत यावरही तो तितकाच अवलंबून असतो. तापलेल्या पत्र्याखाली सावलीत उभे राहूनही काहिली होते आणि जाड भिंतीच्या आडोशाला तीच हवा सुसह्य वाटते, त्याचे कारण हेच आहे.

दुसरे कलम जाड भिंतींचे आणि उंच छतांचे. दीड-दोन फूट जाडीच्या भरीव भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला साधारण दहा-बारा तास लागतात, म्हणजे दुपारी दोनची धग आत येते ती मध्यरात्रीनंतर. तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते आणि खिडक्या उघड्या असतील तर ती धग बाहेर घालवता येते. ही युक्ती पुण्यासारख्या गावातच नीट चालते, कारण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवरच्या या शहरात एप्रिलची दुपार अडतीस अंशांच्या आसपास असली तरी पहाटे पारा विशीच्या जवळपास उतरतो. दिवस आणि रात्र यांच्यातली ही सतरा-अठरा अंशांची तफावत हाच त्या भिंतींचा खुराक आहे. शिवाय प्रेक्षकाला जे पाहायचे असते ते तळमजल्यावर असल्यामुळे माथ्यावरचे ऊन वरचे मजले झेलतात आणि खालच्या दालनांना छताची धग लागत नाही. ही योजना कोणी मुद्दाम केलेली नसेलही, पण फायदा खरा आहे. जिना चढवून प्रेक्षकाला थेट कौलांखाली नेणाऱ्या संग्रहालयांत मे महिन्यात काय होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याची किंमत कळेल.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. माझ्या मते जुन्या वास्तूंतल्या बहुतेक संग्रहालयांच्या उकाड्याचे मूळ तिच्यातच आहे. राहत्या घराची उन्हाळ्यातली दिनचर्या आपल्याकडे ठरलेली होती : सकाळी दहा-अकराला दारे-खिडक्या लोटून घ्यायच्या, पडदे सोडायचे आणि ऊन उतरले की सारे काही सताड उघडून रात्रभर वारा खेळू द्यायचा. संग्रहालयाची दिनचर्या याच्या नेमकी उलटी असते. ते सकाळी उघडते, दुपारभर लोकांसाठी दारे उघडी ठेवते आणि बाहेरची हवा निवायला लागते न लागते तोच सुरक्षेच्या कारणाने कुलूपबंद होते. दिवसभर आत आलेली उष्णता आणि माणसांनी सोडलेली वाफ रात्रभर आतच कोंडून राहते, दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी भर पडते, आणि मेच्या अखेरीस भिंतींची ताकद संपून जाते. दोष वास्तूचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. छतालगतचे झरोके गज आणि जाळी लावून रात्री उघडे ठेवणे हा यावरचा साधा आणि जवळजवळ फुकटचा उपाय आहे, परंतु वारसा वास्तूंच्या दुरुस्तीच्या आराखड्यांत विजेच्या तारा आणि दिवे यांना जेवढी जागा मिळते तेवढी झरोक्यांना मिळताना दिसत नाही.

आगाखान पॅलेसला या कोंडमाऱ्याचा जाच तुलनेने कमी होतो, कारण इथे पाहणे पुष्कळसे दारातून आणि व्हरांड्यातून घडते. गांधीजींच्या वापरातल्या वस्तू, चरखा, भांडी, चपला, त्यांची राहण्याची खोली हे सारे माणूस उभ्या उभ्या, थोड्या अंतरावरून पाहतो आणि पुन्हा वाऱ्यावर येतो. आत-बाहेर करण्याची ही लय शरीराला फार मानवते. व्हरांड्यात वारा नेमका कुठून कुठे वाहतो हे पाहायचे असेल तर साडीच्या पदराकडे किंवा हातातल्या तिकिटाच्या कपट्याकडे लक्ष द्यावे : समोरासमोर दोन दारे उघडी असलेल्या जागी तो हलतो आणि एकच दार असलेल्या खोलीच्या तोंडाशी निपचित पडतो. असा किंचित वारा अंगावरून गेला तरी दोन-तीन अंशांनी गार झाल्यासारखे वाटते, हे या विषयाच्या अभ्यासकांनी मोजून ठेवले आहे. मात्र हवा शरीराच्या तापमानाइतकी तापली की तोच वारा नकोसा होतो, म्हणून पुण्यात मेच्या दुपारी एक ते चार या वेळात उघड्या कमानीपेक्षा आतली सावली श्रेष्ठ.

आता थोडे मोजमापाविषयी. गारवा म्हणजे किती अंश, याला एकच उत्तर नाही. हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराचे श्रम या सहा गोष्टींचा तो जमाखर्च आहे. पाश्चात्त्य कार्यालयांसाठी बनलेल्या आकड्यांवर आपण बराच काळ विसंबून राहिलो. २०१४ मध्ये पुढे आलेल्या, सुखद तापमान ठरवणाऱ्या भारतीय प्रारूपाने दिल्ली, अहमदाबाद, चेन्नई, बंगळूर आणि सिमला येथील कार्यालयांतल्या लोकांना विचारून असे दाखवले की खिडक्या उघडणाऱ्या इमारतींत आपल्याला सुखद वाटणारे तापमान बाहेरच्या हवामानाबरोबर वर सरकते. बाहेरची महिनाभराची सरासरी तीस अंश असेल तर आतले सुमारे २९ अंश लोकांना बरे वाटतात, आणि त्याच्या दोन-सव्वादोन अंश वरखालीही बहुतेकांची तक्रार नसते. जाड भिंतींच्या, पंखा असलेल्या दालनाला हे गाठणे अशक्य नाही. अर्थात कार्यालयातला माणूस खुर्चीत बसलेला असतो, तर संग्रहालयातला माणूस उभा असतो, चालतो, वाकून वाचतो आणि अनेकदा नगर रस्त्यावरच्या उन्हातून नुकताच आत आलेला असतो. त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटे त्याच्यासाठी कोणताही आकडा खरा नसतो. त्याला सावलीत, वाऱ्यावर, पाठ टेकायला जागा असलेले बाक हवे असते आणि पिण्याचे पाणी. आगाखान पॅलेसचा व्हरांडा ही गरज नैसर्गिकरीत्या भागवतो, म्हणून तिथे पोचल्यावर लगेच दालनांत शिरण्यापेक्षा आधी व्हरांड्यात थोडे टेकावे आणि मग पाहायला सुरुवात करावी. (कपड्यांच्या बाबतीत तर या स्थळाचा उपदेश खादीच्या रूपाने साक्षात समोर आहे. विणीतून हवा जाऊ देणारे सुती कापड आणि चिकटणारा पॉलिएस्टरचा शर्ट यांतला फरक दुपारी बाराला कोणालाही पटतो.)

गर्दीचा हिशेब मात्र वास्तूच्या विरुद्ध जातो. स्वस्थ बसलेला किंवा उभा असलेला माणूस साधारण शंभर ते सव्वाशे वॅट उष्णता बाहेर टाकतो. चाळीस मुलांची सहल एका खोलीत शिरली की चार किलोवॅटच्या आसपास उष्णता तिथे जमा होते, म्हणजे घरातले दोन गिझर एका दालनात चालू करून ठेवल्यासारखे. शिवाय प्रत्येकाच्या श्वासाचा आणि घामाचा दमटपणा वेगळाच. जिथे छत पाच मीटर उंच असते तिथे ही गरम हवा डोक्यावर चढते आणि वरच्या झरोक्यातून निघून जाते. जिथे कृत्रिम छत टाकून दिवे आणि वाहिन्या लपवलेल्या असतात तिथे ती कपाळाशी येऊन थांबते. म्हणून सहली नेणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती : मुलांना दहा-दहांच्या गटांत आत सोडावे आणि बाकीच्यांना तोवर व्हरांड्यात बसवावे.

समाध्यांकडे जाणारी वाट हा या भेटीतला उन्हाचा टप्पा आहे. इमारतीच्या सावलीतून बाहेर पडून मोकळ्या आवारातून तिथे जावे लागते, आणि कस्तुरबा व महादेवभाई यांच्या समाध्यांपाशी उभे राहण्याला घाईचे रूप येऊ नये असे ज्याला वाटते त्याने हा भाग सकाळी सर्वांत आधी पाहावा. इमारत नंतर पाहिली तरी ती आपला गारवा दुपारपर्यंत राखून ठेवते, आवार राखू शकत नाही. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात, कारण दारातून आत आल्यावर समोर महालच दिसतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर छत्री घ्यावी, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

याच्या अगदी विरुद्ध अनुभव एका जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात आला, ज्याचे नाव इथे घेत नाही. वाड्याला मधोमध सुंदर चौक होता, चौकाच्या चारी बाजूंना ओसरी होती, म्हणजे आतली गरम हवा वर काढून देणारी आणि बसायला जागा देणारी सोय शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेली होती. चौकावर पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे घातले होते, पाऊस येऊ नये म्हणून. ओसरीत काचपेट्या मांडल्या होत्या. खिडक्या आतून प्लायवूडने बंद केल्या होत्या, कारण भिंतीवर फलक लावायला सलग जागा हवी होती. वरून पिवळे हॅलोजन दिवे, कोपऱ्यात एक फिरता पंखा, आणि त्या पंख्याचा झोत फक्त पहारेकऱ्याच्या खुर्चीवर. प्लास्टिकमधून ऊन आत येत होते आणि तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नव्हती. वाड्याच्या मूळ मालकाने असला प्रकार गोठ्यातही केला नसता. यातली एकही चूक निधीअभावी झालेली नव्हती, प्रत्येक चुकीवर पैसे खर्च झालेले होते.

असे का होते याचे एक प्रामाणिक कारणही आहे : वस्तूंचे आणि माणसांचे हित नेहमी एक नसते. कागद, कापड, जुनी छायाचित्रे आणि लाकडी चित्रफलक यांना उजेड आणि दमटपणातले चढउतार बाधतात. त्यांना स्थिर हवा हवी, तर आपल्याला हलती. या भांडणात बहुतेक संस्था सारे दालनच बंद करून टाकतात आणि वातानुकूलन परवडत नसेल तर दोघांचेही नुकसान करून घेतात. शहाणपणाची वाट अशी की जपायचे ते पेटीत जपावे : घट्ट बसणारी काचपेटी, तिच्यात आर्द्रता शोषणारे आणि सोडणारे सिलिका जेल, आणि अतिनील किरण अडवणारी काच. मग खोलीची खिडकी उघडी राहू शकते. दगडाच्या वस्तूंना तर छपराखालचा मोकळा व्हरांडाही चालतो.

या शेवटच्या मुद्द्याचे चांगले उदाहरण जुन्या गोव्यात आहे. संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६४ मध्ये संग्रहालय मांडले. जांभ्याच्या जाड भिंती, मधला मोकळा चौक आणि त्याभोवतीची फिरती पडवी ही सारी मठाची मूळ रचना. वीरगळ आणि सतीशिळा यांच्यासारखे दगडी अवशेष त्या पडवीत आहेत, पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रे वरच्या मजल्यावरच्या दालनात. दगड पाहताना प्रेक्षक आपोआप वाऱ्यावर राहतो, ही मांडणी मला फार योग्य वाटते. पण पुण्याची युक्ती इथे अर्धीच चालते. मांडवीकाठच्या या गावात मे महिन्यात दुपार तेहेतीस अंशांची असली तरी रात्रही सव्वीस-सत्तावीसच्या खाली फारशी उतरत नाही, त्यामुळे जांभ्याच्या भिंतीला आतली धग सोडायला सवडच मिळत नाही, आणि हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही. कोकणपट्टीत भिंतीपेक्षा वाऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. वरच्या दालनात जाणाऱ्याने पंख्याखालची जागा गाठावी आणि चौकातल्या फेरीसाठी वेळ हातचा राखून ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उकाडा कमी होतो, पण भिंतींना ओल चढते.

मुंबईने निराळा मार्ग पत्करला आहे. जॉर्ज विटेटने आखलेले आणि १९११ मध्ये उभे राहिलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात रूपांतरित झाले. जुन्या दगडी कवचाच्या आत नवे, जिन्याने जोडलेले अर्धवर्तुळाकार मजले उभारून सारे काही वातानुकूलित करण्यात आले. कॅनव्हासवरच्या चित्रांसाठी, आणि मुंबईच्या हवेत, हा निर्णय मला समर्थनीय वाटतो. मुंबईची हवा रात्री निवत नाही, मग भिंती निवतील कशा? अशा वास्तूंत प्रश्न उरतो तो उंबरठ्याचा. काळाघोड्याच्या पदपथावरून घामाने भिजलेल्या कपड्यांत एकदम चोविसाच्या आसपासच्या कोरड्या हवेत शिरले की पहिली पाच मिनिटे स्वर्ग वाटतो आणि पुढच्या अर्ध्या तासात खांदे आखडतात, विशेषतः मंद चालणाऱ्या वृद्धांचे. बाहेर मे असताना आत सत्तावीस अंश आणि छतावर पंखे, ही जोडी शरीराला आणि वीजबिलाला अधिक मानवेल. तोवर मुंबईच्या कोणत्याही वातानुकूलित संग्रहालयात जाताना पिशवीत एक सुती पंचा आणि एक पातळ ओढणी असू द्यावी. पंचा प्रवेशदाराशी लागतो, ओढणी वरच्या मजल्यावर.

पुन्हा पुण्याकडे येऊन व्यवहाराचे बोलायचे तर, आगाखान पॅलेसला उन्हाळ्यात जाणाऱ्याने सकाळी उघडता उघडता पोचावे, समाध्या आणि बाग आटोपून दहाच्या सुमाराला इमारतीत यावे आणि बाराच्या आत बाहेर पडावे. दुपारीच जाणे भाग असेल तर पूर्वेकडच्या व्हरांड्याने सुरुवात करावी, कारण तो भाग तोवर सावलीत आलेला असतो, आणि पश्चिमेची बाजू टाळावी. पावसाळ्यात गारव्याची चिंता नसते. हिवाळ्यात मात्र याच जाड भिंती आपला दुसरा गुण दाखवतात : डिसेंबर-जानेवारीत रात्रीची थंडी त्या दुपारपर्यंत धरून ठेवतात आणि सकाळी आतली फरशी पायांना चांगलीच गार लागते. त्या दिवसांत इमारत दुपारी तीननंतर पाहावी, आणि सकाळचा वेळ हिरवळीवरच्या उन्हात घालवावा.